जलविहार आणि जलमार्ग

प्रवास कशासाठीं करावा, या प्रश्नास आपल्या पूर्वजांनीं तीनच उत्तरें दिलेलीं दिसतात : पुण्यासाठीं, पोटासाठीं आणि राजाच्या हुकुमासाठीं. केवळ पाहण्यासाठीं, आणि तेंहि पत्नीला बरोबर घेऊन, आठ-पंधरा दिवस पाण्यावर हिंडावें, ही कल्पना त्यांच्या स्वप्नांतहि नव्हती. जलविहार हा शब्द संस्कृत काव्यांतून आपणांस मिळाला खरा. परंतु तो विहार राजेरजवाड्यांचा, आणि बहुधा पुष्करिणींतला किंवा घराजवळच्या नदींतला. समुद्र हा विहाराचा विषय नव्हताच. आज मात्र मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तर परभणी-नांदेडकडच्या सुशिक्षित कुटुंबांतहि, निवृत्तीनंतर किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्तानें पतिपत्नींनीं अलास्काच्या किनाऱ्यानें आठवडाभर जहाजांतून फिरून यावें, ही गोष्ट अपूर्वाईची राहिलेली नाहीं. विमानानें सिअ‍ॅटल किंवा व्हँकूव्हर गांठावें, तेथें दहा-बारा मजली जहाजावर चढावें, आणि मग बर्फाचे कडे, देवमासे आणि पाण्याच्या कडेपर्यंत उतरलेलीं सूचिपर्णी अरण्यें पाहात उत्तरेस जावें, असा हा क्रम असतो.

या हौसेची चेष्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या दांपत्यानें तीस वर्षें संसाराचा गाडा ओढला, त्यानें आठ दिवस पाण्यावर निवांत बसावें, यांत गैर तें काय? परंतु इतिहासाच्या अभ्यासकास या विहारापाशीं दोन प्रश्न सुचतात. ज्या किनाऱ्यास आपण निर्जन समजून, पैसे मोजून पाहावयास जातों, तो खरोखर निर्जन होता काय? आणि आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ जी आगबोट चालली, ती टिकली कां नाहीं? हे दोन प्रश्न वरवर पाहतां एकमेकांपासून दूरचे वाटतात. पण त्यांचीं उत्तरें एकाच ठिकाणीं जाऊन मिळतात, असें आम्हांस वाटतें.

प्रस्तुत लेखकाचें गांव वालूर. तें सेलू तालुक्यांत, समुद्रापासून शेकडों मैल आंत. आमच्याकडे पाणी ही खालीं उतरून आणावयाची वस्तु आहे, वर बसून तरंगावयाची नव्हे. वालूरची प्रसिद्ध बारव याची साक्ष देते : तिच्या पायऱ्या सरळ न जातां गोल फिरत फिरत तळाकडे उतरतात, आणि ज्यानें ती बांधली त्याला पाण्याचें मोल किती वाटत होतें हें पायरीगणिक कळतें. अलीकडे गांवकऱ्यांनीं ती साफसूफ करून पुन्हा नांवारूपास आणली आहे. अशा मुलखांतल्या माणसानें समुद्राविषयीं लिहावें, हें कोणास धाडसाचें वाटेल. परंतु दक्षिणच्या पठाराचा आणि समुद्राचा संबंध आजचा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या वृत्तांतांत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें तो अंतर देतो. आणि तेथील अकीक, मलमल व जाडेंभरडें कापड बैलगाड्यांवर लादून, बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास नेत, असेंहि सांगतो. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यांतला माल समुद्रावर जात होता. त्या मालाचा धनी मात्र क्वचितच जात असे. पुढें १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग सेलू-परभणीवरून गेला, आणि आमच्याकडच्या माणसाला मुंबईचा समुद्र एका रात्रीच्या टप्प्यांत आला. समुद्र दिसला, तो असा आगगाडीच्या खिडकींतून. आगबोटीची ओळख आमची नव्हे, ती कोंकणची.

परंतु कोंकणाकडे वळण्यापूर्वीं त्या दूरच्या उत्तर किनाऱ्याची हकीकत थोडक्यांत पाहूं. १७९४ सालीं कॅप्टन व्हँकूव्हर याच्या हाताखालील खलाशी अलास्काच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करीत असतां त्यांना एका ठिकाणीं बर्फाची प्रचंड भिंत आडवी आली. किनाऱ्यास जेमतेम कांहीं मैलांची खांच होती, आणि तिच्या मागें सगळें हिमच होतें. १८६७ सालीं रशियानें तो सारा मुलूख अमेरिकेस ७२ लाख डॉलरांना विकला. त्यानंतर बारा वर्षांनीं, म्हणजे १८७९ सालीं, जॉन म्यूर नांवाचा निसर्गपंडित त्याच ठिकाणीं लांकडी होडींतून आला, तों ती भिंत तेथें नव्हती. हिम चाळीस मैलांहून अधिक मागें सरलें होतें, आणि त्याच्या जागीं एक विस्तीर्ण उपसागर पसरला होता. त्यालाच आज ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांचा उपसागर, म्हणतात. १८८३ सालीं कॅप्टन जेम्स कॅरोल यानें 'आयडाहो' ही आगबोट त्या उपसागरांत घातली. तींत एलायझा सिडमोर नांवाची एक तरुण लेखिका होती. तिनें १८८५ सालीं या किनाऱ्यावर ग्रंथ लिहिला, आणि तो वाचून हौशी प्रवाशांची रीघ लागली. याच बाईनें पुढें हिंदुस्थानचाहि प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिलें, हें वाचकांस ठाऊक नसेल.

आतां लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही, कीं 'आयडाहो' ही विहाराची बोट नव्हती. ती टपाल, माल आणि कामकरी माणसें नेणारी साधी व्यापारी बोट होती. मासे खारवण्याचे कारखाने, खाणी, मिशनऱ्यांचीं ठाणीं यांच्यासाठीं तिच्या खेपा होत. प्रवासी हे तिच्यावरचे पाहुणे. १८९६ सालीं क्लोंडाइक नदीच्या कांठीं सोनें सांपडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं हजारों माणसें याच जलमार्गानें उत्तरेस धांवलीं. ज्या पाण्यावरून कांहीं जण सौंदर्य पाहण्यास जात, त्याच पाण्यावरून दुसरे दैव अजमावण्यास जात. आणि बोट दोघांचीहि तीच असे.

शिवाय हा किनारा निर्जन नव्हता. तेथें त्लिंगित लोकांची वस्ती शतकानुशतकें होती. म्यूरची होडी वल्हवणारे तेच, आणि त्याला वाट दाखविणारेहि तेच. ज्या उपसागरांत आज प्रवासी गलबलाटापासून दूर आल्याचें समाधान मानतात, तेथें हूना त्लिंगितांचीं घरें होतीं. अठराव्या शतकांत हिमनदी पुढें सरकत आली, आणि तिनें त्यांना त्या घरांतून हांकलून लावलें, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. भूगर्भशास्त्रज्ञांचें संशोधनहि तिला दुजोरा देतें. म्हणजे व्हँकूव्हरच्या माणसांना जें हिम दिसलें, तें एका गांवावर येऊन बसलेलें हिम होतें. हिम हटल्यावर लोक तेथें पुन्हा शिकारीस, मासेमारीस आणि फळें वेंचण्यास येऊं लागले. मग १९२५ सालीं सरकारनें तो भाग संरक्षित म्हणून राखून ठेवला, आणि माणसांच्या जुन्या वहिवाटीवर बंधनें आलीं. निसर्ग राखावयाचा तर माणूस दूर पाहिजे, ही समजूत त्यामागें होती. ही चूक दुरुस्त व्हावयास फार काळ लागला. २०१६ सालीं त्याच उपसागराच्या कांठीं हूना लोकांचें सामाईक घर समारंभानें उघडण्यांत आलें, तेव्हां जवळजवळ अडीचशें वर्षांनीं तेथें त्यांच्या नांवाचें छप्पर उभें राहिलें.

याहून बोलका एक प्रसंग १८९९ चा आहे. हॅरिमन नांवाच्या एका लोहमार्ग-सम्राटाला वैद्यांनीं विश्रांति सांगितली. त्यानें 'जॉर्ज डब्ल्यू. एल्डर' नांवाची आगबोट सजवून घेतली, बायकामुलांना बरोबर घेतलें, आणि विद्येचीहि सेवा घडावी म्हणून देशांतील नामांकित शास्त्रज्ञांना आमंत्रण दिलें. म्यूरहि त्यांत होता. दोन महिने हा थोर विहार चालला आणि त्यांतून शास्त्रीय ग्रंथांची मोठी मालिका निर्माण झाली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु परततांना या मंडळींना केप फॉक्स येथें त्लिंगितांचें एक गांव रिकामें दिसलें. गांव सोडून दिलें आहे असें ठरवून त्यांनीं तेथील कुलचिन्हें कोरलेले उंच लांकडी खांब उपटून बोटीवर चढविले, आणि ते अमेरिकेंतील संग्रहालयांना वांटून टाकले. त्या खांबांचे धनी जिवंत होते. ते फक्त दुसरीकडे राहावयास गेले होते. त्यांच्या वंशजांना ते खांब २००१ सालीं परत मिळाले. विहार करणाऱ्याची दृष्टि वाईट नसते, पण ती घाईची असते. जेथें माणूस दिसला नाहीं तेथें माणूस नाहीं, असें ती चटकन् ठरवून टाकते. आपल्याकडे दिवाळींत घराला कुलूप लावून मंडळी गांवीं जातात, म्हणून कोणी देव्हारा उचलून नेला तर आपण त्याला विद्याप्रेम म्हणणार नाहीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येऊं. मुंबईचा भाऊचा धक्का १८४१ सालीं लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ऊर्फ भाऊ, यांनीं बांधला. मराठी माणसाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या धक्क्यावरून पुढें कोंकणच्या पिढ्यान्पिढ्या चढल्या-उतरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शेफर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर धांवूं लागल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें, आणि अखेर पणजी, अशी बंदरांची ही माळ होती. पुष्कळ ठिकाणीं बोटीला धक्क्याशीं येतां येत नसे. ती दूर खोल पाण्यांत उभी राही, आणि उतारू पडावांतून तिच्याकडे जात. लाटेबरोबर पडाव वर येई त्या क्षणीं शिडी धरावयाची, हातांतलें मूल आधीं खलाशाच्या हातांत द्यावयाचें, ट्रंक आणि फणसांचीं ओझीं मागून यावयाचीं, असा तो प्रकार असे. मराठींत 'बोट लागली' या शब्दांचे दोन अर्थ होतात : ती बंदरांत आली, आणि तिनें पोटांत ढवळलें. कोंकणी उतारूला बहुधा या दोन्ही अर्थांचा प्रत्यय एकाच खेपेंत येत असे. पावसाळ्यांत ही वाहतूक बंद पडे, आणि मग किनारा व मुंबई यांच्यामध्यें केवळ सह्याद्रीच्या वाटा उरत. महर्षि कर्वे यांनीं विद्यार्थिदशेंत, १८७५ सालीं, परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत पायीं प्रवास केला, आणि तेथें वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

या बोटींतून कोण जात असे, हें शिरगणतीवरून कळतें. १९११ आणि १९२१ या दोन्ही शिरगणतींत मुंबई शहरांत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं माणसें दोन लाखांहून अधिक होतीं. म्हणजे त्या वेळच्या मुंबईंत ढोबळ मानानें दर पांच माणसांमागें एक रत्नागिरीकडचें. हे गिरण्यांतले मजूर, गोदीकामगार, पोलीस शिपाई, घरगडी, कारकून. आणि त्यांच्या बायका? त्यांपैकीं बहुतेक गांवीं. रत्नागिरी जिल्ह्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांची संख्या सतत अधिक भरत आली, याचें मुख्य कारण हेंच. मुंबईंत एका खोलींत आठ-दहा पुरुष राहात. तेथें बिऱ्हाड करणें परवडत नसे, आणि गांवची भातशेती, म्हातारीं माणसें व गुरेंढोरें सोडून सुनेला जातांहि येत नसे. म्हणून नवरा शिमग्याला किंवा मे महिन्यांत पंधरा दिवस यावयाचा, आणि पुन्हा बोटीवर चढावयाचा. वर्षांतले साडेअकरा महिने त्या दांपत्यांतला संबंध मनीऑर्डरच्या कागदावरील दोन ओळींवर चाले.

येथें आमच्या मतें या विषयाचें मर्म आहे. अलास्काच्या बोटीवर आजचें दांपत्य चढतें, तें एकमेकांच्या सहवासासाठीं. कोंकणच्या बोटीवर तीन-चार पिढ्यांतला पुरुष चढला, तो सहवास सोडून. एकीकडे बोट हें मीलनाचें साधन, दुसरीकडे वियोगाचें. भोंगा वाजला कीं बंदरावरची स्त्री घराकडे वळे, आणि पुढल्या भोंग्याची वाट पाहात वर्ष काढी. ज्या समुद्रानें नवरा नेला त्या समुद्राचें सौंदर्य तिला कोणत्या तोंडानें वर्णावें? आपल्या वाङ्मयांत समुद्रप्रवासाच्या आनंदाचीं वर्णनें इतकीं थोडीं कां, याचें एक उत्तर येथें सांपडेल. आनंद घेण्यासाठीं परत येण्याची खात्री लागते आणि मुदत आपल्या हातीं लागते. ती चाकरमान्याच्या हातीं नव्हती.

शिवाय या मार्गावर भीतीहि होती. ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं शेफर्ड कंपनीचीच 'वैतरणा' ही आगबोट कच्छहून मुंबईस येत असतां सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळांत नाहींशी झाली. तीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेंहून अधिक माणसें गेलीं. तींत लग्नाचीं वऱ्हाडें होतीं असें तिकडील लोककथा सांगते, आणि तिच्यावरचीं शोकगीतें गुजरातेंत अजून गाइलीं जातात. पुढें स्वदेशीच्या भावनेनें कांहीं देशभक्तांनीं कोंकण किनाऱ्यावर परकीय कंपनीशीं स्पर्धा करण्यासाठीं सहकारी तत्त्वावर कंपनी काढली. लोक तिला प्रेमानें 'माझी आगबोट कंपनी' म्हणत, आणि बोटींना संतांचीं नांवें असत. परंतु समुद्र नांवें पाहात नाहीं. ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळांत बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्याला महिनाहि उरला नसतां, 'रामदास' गेली. आषाढी अमावास्येच्या सणासाठीं घरीं निघालेले उतारू घेऊन ती सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली होती. मुंबईपासून थोड्याच मैलांवर काशाच्या खडकाजवळ पावसाळी वाऱ्याच्या माऱ्यांत ती कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. आणि मुंबईला वार्ता कळली ती दुपार उलटल्यावर. जीं वांचलीं त्यांपैकीं पुष्कळांना रेवसकडच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. ती बोट १९३६ सालीं इंग्लंडांतील नामांकित कारखान्यांत बांधलेली होती. बांधणी चांगली असली म्हणजे झालें, असें समुद्रावर कधींच नसतें; खेप केव्हां काढावी, माणसें किती घ्यावीं, संकटांत हांक कशी पोंचवावी, या गोष्टी बांधणीइतक्याच महत्त्वाच्या असतात.

हें दुर्दैव केवळ आपलेंच होतें असें मात्र समजूं नये. ज्या अलास्काच्या शांत पाण्याचीं छायाचित्रें आपण पाहतों, तेथेंच २४ ऑक्टोबर १९१८ रोजीं 'प्रिन्सेस सोफिया' ही आगबोट बर्फाच्या वादळांत खडकावर चढली. मदतीच्या बोटी भोंवतीं आल्या, पण खवळलेल्या पाण्यांत उतारूंना हलविण्यापेक्षां वादळ शमेपर्यंत थांबावें असें कप्तानानें ठरविलें. सुमारें चाळीस तास ती तशीच अडकून राहिली, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं साडेतीनशेंच्या आसपास माणसांसह बुडाली. एकहि माणूस वांचला नाहीं. तींत हिंवाळ्यापूर्वीं घरीं परतणारे खाणकामगार होते, त्यांच्या बायका होत्या, मुलें होतीं. नकाशावर दोन टोकांना असलेल्या या दोन किनाऱ्यांवरील माणसें बुडालीं तीं सारखींच : सणावाराला, ऋतु पालटतांना, घरच्या ओढीनें.

मग भेद कोठें पडला? तो अपघातांत नव्हे, अपघातानंतरच्या धोरणांत पडला. नॉर्वेचें उदाहरण घ्या. तेथील उत्तर किनाराहि असाच खडकाळ, विरळ वस्तीचा, आणि हिंवाळ्यांत अंधारलेला. २ जुलै १८९३ रोजीं रिशार्ड विथ नांवाच्या कप्तानानें सरकारशीं करार करून ट्राँडहाइम ते हॅमरफेस्ट अशी नियमित टपालबोट सुरू केली. हिंवाळ्याच्या अंधारांतहि ती वेळापत्रकाप्रमाणें चालेल ही त्याची प्रतिज्ञा होती, आणि त्यासाठीं त्यानें होकायंत्र आणि घड्याळ यांच्या साहाय्यानें त्या पाण्यांतील मार्गाच्या काटेकोर टिपणी ठेवल्या होत्या. तो मार्ग आजहि चालतो. बर्गेनपासून कर्केनेसपर्यंत चौतीस बंदरें तो जोडतो. त्याच बोटीवर परदेशचे दांपत्य आठवडाभर अरोराचे रंग पाहण्यास बसतें, आणि त्याच बोटीवर एखादा कोळी एका बंदरावर चढून दुसऱ्यावर उतरतो. अलास्कांतहि १९६३ सालापासून सरकारी बोटींची वाहतूक आहे, आणि तिचें अधिकृत नांवच 'सागरी महामार्ग' असें आहे. कारण त्या राज्याची राजधानी जी जूनो, तिला बाहेरून जाणारा एकहि गाडीरस्ता नाहीं. तेथील सरकारनें समुद्राला रस्ता म्हटलें, आणि रस्ता म्हटल्यावर तो नफ्यातोट्याच्या हिशोबानें बंद करतां येत नाहीं.

कोंकणांत हें झालें नाहीं. स्वातंत्र्यानंतरहि बोटी कांहीं काळ चालल्या. 'रोहिणी', 'चंपावती', 'कोंकण शक्ति', 'कोंकण सेवक' हीं नांवें आजच्या वयस्क वाचकांच्या ओठांवर असतील. परंतु मोटारीचा रस्ता सुधारला तसतसे उतारू कमी झाले. खाड्या आणि बंदरें गाळानें भरत गेलीं. आणि शेवटीं विसाव्या शतकाच्या अखेरीस ही नियमित वाहतूक थांबली. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे अखंड सुरू झाल्यावर तर आगबोटीची आठवणहि मागें पडली. रेल्वे ही उत्तमच गोष्ट झाली; चाकरमानी आतां एका रात्रींत घरीं पोंचतो, आणि त्याची बायको मुंबईला येऊन राहूंहि शकते. त्या वियोगाचा काळ संपला याबद्दल कोणास दुःख होईल? परंतु बोट बंद पडली तेव्हां विहाराचीहि वाट तिच्याबरोबर बंद झाली. २०१८ सालीं 'आंग्रिया' हें विहारजहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालें. कान्होजी आंग्र्यांच्या आठवणीनें मराठी माणसाची मान उंचावली. पण २०२० च्या साथींत तेंहि थांबलें. केवळ हौसेवर चालणारें जहाज हौस आटली कीं उभें राहतें. ज्या जहाजावर टपाल, कोळी, विद्यार्थी आणि हौशी दांपत्य हीं सारीं बसतात, तें एकाच्या गैरहजेरीनें थांबत नाहीं.

निर्जनतेचीहि गोष्ट अशीच आहे. अलास्कांत आतां एकेका वर्षीं सोळा लाखांहून अधिक प्रवासी विहारजहाजांनीं जूनोस येतात. बत्तीस हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गांवानें अखेर जहाज कंपन्यांशीं करार करून २०२४ पासून दिवसाला पांचच मोठीं जहाजें अशी मर्यादा घातली. हिमनद्यांच्या उपसागरांत तर दिवसास दोनच मोठ्या विहारजहाजांस जाऊं देतात. शांतता पाहण्यास सगळेच आले तर शांतता उरत नाहीं, हें त्यांना अनुभवानें कळलें. आपल्या किनाऱ्यावर वेळासच्या वाळूंत समुद्री कांसवें अंडीं घालतात. २००२ सालापासून तेथें चिपळूणच्या निसर्गप्रेमी संस्थेनें आणि गांवकऱ्यांनीं तीं अंडीं राखण्याचें काम सुरू केलें, आणि पाहुणे आले तर ते गांवकऱ्यांच्याच घरीं उतरूं लागले. येथें किनारा राखणारा आणि किनारा दाखविणारा एकच आहे. हूना लोकांना जें मिळवावयास नव्वद वर्षें लागलीं, तें वेळासनें आरंभापासूनच साधलें.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनीं उत्तरेचे ते हिमकडे अवश्य पाहावे. पण जहाजाच्या कठड्याशीं उभें राहून पलीकडच्या अरण्याकडे बोट दाखवितांना, तें कोणाचें गांव होतें हेंहि आपल्या सहचारिणीला सांगावें. आणि घरीं परतल्यावर, आपल्या किनाऱ्याविषयीं सरकारापुढें दोन शब्द बोलावे. २०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह माणसें नेणारी बोट सुरू झाली, आणि तासन्तासांची वाट तासाभराची झाली. हें चांगलें लक्षण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीच्या वाटेवर 'नीलकमल' या बोटीस झालेल्या अपघातानें मात्र हेंहि दाखविलें, कीं प्रत्येक उतारूच्या अंगावर तरंगतें जाकीट असावें, ही 'रामदास'पासूनची शिकवण अजून पुरती अंगवळणी पडलेली नाहीं. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण या बंदरांत गाळ काढून, बिनतारी यंत्रांनीं आणि सुरक्षिततेच्या साधनांनीं सज्ज अशी बोट वेळापत्रकानें चालूं लागली, तर कोळ्याला आणि विद्यार्थ्याला वाट मिळेल. मग वालूरसारख्या कोरड्या गांवांतलें एखादें दांपत्यहि, आयुष्यभर बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी पाहिल्यावर, दोन दिवस त्याच बोटीवर बसून पाण्यावरून आपलाच देश पाहूं शकेल; आणि ज्यांच्या घरांवरून ती बोट जाईल, त्यांच्याशीं त्याला बोलतांहि येईल.